पडद्यामागची वही



मागच्या महिन्यात गटाच्या बैठकीत एका काकूंनी मला विचारलं, "दर शनिवार-रविवारी तू धाराशिवला जातीस, ते काय शिकायला? टायपिंग तर तुला येतंय की." मी म्हणाले, "काकू, वेबसाइटचं बॅक-एंड शिकते." काकू म्हणाल्या, "म्हंजे मागचं दार?" सगळ्या हसल्या, मीही हसले. पण काकूंनी अर्थ बरोबर लावला होता. पुढचं दार पाव्हण्यारावळ्यांसाठी. धान्याची पोती, सरपण, शेतातून दमून आलेलं माणूस हे सगळं मागच्या दारानं घरात येतं. घर चालतं ते मागच्या दारावर.

आज या मागच्या दाराचा इतिहास सांगणार आहे. तो मला का शोधावासा वाटला, तेही सांगते. वर्गाच्या पहिल्या दिवशी मी फार घाबरले होते. वर्गात बावीस जण, त्यात मुली चार, आणि वयानं सगळ्यांत मोठी मी. बाकीची पोरं बीसीए नाहीतर इंजिनिअरिंगची. मी बीए, तेही इतिहास घेऊन. सर फळ्यावर लिहीत होते ते मला एका कानानं आत आणि दुसऱ्या कानानं बाहेर. मग मी ठरवलं, आपल्याला इतिहास येतो ना, मग तिथूनच जाऊ. जे शिकवतील ते कुणी काढलं, कधी काढलं, कशासाठी काढलं, हे घरी येऊन वाचायचं. वाचत गेले तशी भीती कमी होत गेली. कारण या इतिहासात जागोजागी आपल्यासारख्याच बाया आणि आपल्यासारख्याच वह्या भेटत गेल्या.

पंगत, वाढपी आणि कोठी

आधी बॅक-एंड म्हणजे काय ते बघू. मोबाइलवर आपण एखादा अर्ज उघडतो. रकाने दिसतात, बटण दिसतं, रंग दिसतात. हे सगळं पुढचं दार, म्हणजे फ्रंट-एंड. आपण नाव भरून बटण दाबलं की ते नाव कुठं जातं? ते जातं दूरच्या एका संगणकाकडे. त्याला म्हणतात सर्व्हर. सर्व्ह करणे म्हणजे वाढणे. म्हणजे सर्व्हर हा आपला वाढपी झाला.

लग्नाची पंगत डोळ्यासमोर आणा. पंगतीतला माणूस म्हणतो, "भात आणा." वाढपी आत जातो. आत आचारी असतो, आणि त्याच्याही मागे कोठी असते. कोठीची किल्ली घरातल्या एखाद्या विश्वासू आत्याकडे. कुणी आलं आणि तुपाचा डबा घेऊन गेलं, असं चालत नाही. आत्या विचारते, कुणाला हवंय, किती हवंय. वेबसाइटमध्ये आचारी म्हणजे प्रोग्रॅम, म्हणजे नियम लिहिलेला कागद. कोठी म्हणजे डेटाबेस, जिथं सगळ्या नोंदी ठेवलेल्या असतात. आणि एकाच वेळी चारशे माणसं "भात, भात" ओरडायला लागली आणि वाढपी दोनच असले, की जे होतं, त्यालाच आपण "सर्व्हर डाऊन" म्हणतो. कुठल्यातरी योजनेचा अर्ज भरताना रात्री दोन वाजता उठून मोबाइल धरून बसलेल्या कितीतरी जणी आज हे ऐकत असतील. तुमच्या बोटांत काही खोट नव्हती, मैत्रिणींनो. आत वाढपी कमी पडले होते.

कॉम्प्युटर नावाची माणसं

आता इतिहासाकडे. "कॉम्प्युटर" हा शब्द आधी यंत्राचा नव्हता, माणसाच्या कामाचा होता. हिशोब करणारा तो कॉम्प्युटर. आपल्या देशात इंग्रजांनी जमिनीची मोठी मोजणी चालवली होती. त्या खात्यात राधानाथ सिकदार नावाचे बंगाली गणिती 1831 साली कॉम्प्युटर म्हणून नोकरीला लागले. हिमालयातलं सगळ्यांत उंच शिखर कुठलं, हे त्यांनी 1852 साली आकडेमोड करून सांगितलं. शिखराला नाव मात्र मिळालं एव्हरेस्ट या इंग्रज साहेबाचं. हिशोब करणारा मागं राहतो, ही गोष्ट तेव्हाचीच.

पुढे दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत तोफगोळा कुठं पडेल याचा हिशोब करायला बायकांना नेमलं. त्यांच्या हुद्द्याचं नावही कॉम्प्युटरच. एका गोळ्याच्या मार्गाचा हिशोब हातानं करायला तीसेक तास लागत. ते काम लवकर व्हावं म्हणून फिलाडेल्फिया शहरातल्या विद्यापीठात एक यंत्र बांधलं. त्याचं नाव एनियाक. वजन सुमारे 27 टन, आत काचेच्या जवळपास 18 हजार नळ्या. तेच काम ते अर्ध्या मिनिटाच्या आत करू लागलं. पण यंत्राला काम कसं सांगायचं? त्यासाठी सहा बाया निवडल्या: के मॅकनल्टी, बेटी जेनिंग्ज, बेटी स्नायडर, मार्लिन वेस्कॉफ, फ्रॅन बिलास आणि रूथ लिक्टरमन.

त्यांना शिकवायला पुस्तक नव्हतं, कारण असं यंत्रच पहिल्यांदा बनत होतं. सुरुवातीला तर गुप्ततेच्या नावाखाली यंत्राच्या खोलीतही जाऊ देत नव्हते. जोडणीचे नकाशे हातात दिले आणि सांगितलं, यावरून समजून घ्या. त्यांनी घेतलं. यातली बेटी जेनिंग्ज शेतकऱ्याची मुलगी. के मॅकनल्टी आयर्लंडमध्ये जन्मलेली. लहानपणी अमेरिकेत आली तेव्हा तिला इंग्रजी येत नव्हतं, घरची आयरिश भाषाच येत होती. हे वाचलं त्या रात्री मला बरं वाटलं. इंग्रजी नाही म्हणून हे आपलं काम नाही, असं मी स्वतःलाच सांगत होते.

फेब्रुवारी 1946 मध्ये ते यंत्र जगाला दाखवलं. त्या दिवशी यंत्रानं जो हिशोब करून दाखवला, तो दोन्ही बेटींनी रात्रीचा दिवस करून बसवला होता. कार्यक्रम गाजला. नंतर मोठी मेजवानी झाली. त्या मेजवानीला या बायांना बोलावणं नव्हतं. पुढं चाळीस वर्षांनी एका विद्यार्थिनीला जुन्या फोटोत यंत्रासमोर उभ्या असलेल्या बाया दिसल्या. या कोण, असं तिनं विचारलं तर उत्तर मिळालं, शोभेसाठी उभ्या केलेल्या मॉडेल असतील. तिनं शोध घेतला तेव्हा त्यांची नावं बाहेर आली. 1997 साली त्यांचा रीतसर सन्मान झाला. तोवर पन्नास वर्षं गेली होती.

आपल्याकडे ग्रामसभेच्या फोटोत पुढं कोण उभं असतं आणि इतिवृत्त कुणी लिहिलेलं असतं, ते तुम्हाला मी सांगायला नको.

किडा आणि रजिस्टर

अमेरिकन नौदलातल्या ग्रेस हॉपर यांचं नाव वर्गात सरांनीच घेतलं. यंत्राला आकड्यांच्या भाषेत काम सांगावं लागायचं, म्हणजे शिकलेल्या चार माणसांशिवाय ते कुणाला जमायचं नाही. हॉपर बाईंचं म्हणणं होतं, माणसानं आपल्या शब्दांत लिहावं आणि त्याचं यंत्राच्या भाषेत रूपांतर यंत्रानंच करावं. 1952 साली त्यांनी तसा पहिला प्रोग्रॅम करून दाखवला. त्यांच्या कामावरूनच पुढं 1959 साली कोबोल नावाची भाषा ठरली. बँकांचे हिशोब वर्षानुवर्षं याच भाषेवर चालले, आणि जगातल्या कितीतरी बँकांत आजही चालतात.

त्यांच्याच संघातली एक गंमत. 1947 च्या सप्टेंबरमध्ये यंत्र चुकायला लागलं. उघडून बघतात तर आत एक पतंग, दिव्याभोवती फिरतो तो किडा, अडकून मेलेला. त्यांनी काय करावं? तो किडा चिकटपट्टीनं रोजच्या नोंदवहीत चिकटवला आणि शेजारी वेळ घालून नोंद केली. ती वही आजही अमेरिकेतल्या संग्रहालयात आहे. प्रोग्रॅममधल्या चुकीला "बग", म्हणजे किडा, असं इंजिनिअर लोक त्याआधीही म्हणायचे. पण मला त्यात किड्यापेक्षा वही महत्त्वाची वाटली. चूक झाली तर लपवायची नाही, तारीख-वेळ घालून लिहून ठेवायची. आपण गटात हेच शिकलो ना? चुकलेल्या आकड्यावर व्हाइटनर लावायचा नाही. एक आडवी रेघ मारायची, शेजारी बरोबर आकडा लिहायचा आणि सही करायची.

नाव बदललं, नंबर तोच

वर्गाच्या तिसऱ्या आठवड्यात डेटाबेस आला. 1970 साली एडगर कॉड नावाच्या संशोधकानं एक साधी गोष्ट मांडली. सगळी माहिती तक्त्यांत ठेवा. आडव्या ओळी, उभे रकाने. सभासदांचा एक तक्ता, बचतीचा दुसरा, कर्जाचा तिसरा. आणि हे तक्ते एकमेकांना जोडायचे ते एका खुणेच्या नंबरानं. 1974 साली चेंबरलिन आणि बॉइस या दोघांनी या तक्त्यांना प्रश्न विचारायची भाषा काढली. तिला आज एसक्यूएल म्हणतात. "कर्जाच्या तक्त्यातून ज्यांचा हप्ता राहिलाय अशांची नावं काढ," असं तिच्यात लिहायचं असतं. सरांनी फळ्यावर तक्ता काढला तेव्हा मी मागच्या बाकावरून म्हणाले, "सर, ही तर आमची बचत वही." पोरं हसली. सर म्हणाले, "अगदी बरोबर, तीच आहे."

मग सरांनी विचारलं, सभासदाला नावानं ओळखायचं की नंबरानं? सरांनी उदाहरण दिलं आपल्याच जिल्ह्याचं. गावाचं जुनं नाव धाराशिव. निजामाच्या राज्यात उस्मानाबाद झालं, शेवटचे निजाम मीर उस्मान अली खान यांच्या नावावरून. 2023 साली जिल्ह्याचं नाव अधिकृतपणे पुन्हा धाराशिव झालं. पाट्या बदलल्या, शिक्के बदलले. पण आपल्या गाड्यांवरचा एमएच 25 बदलला का? नाही. शहराचा पिन कोड 413501 बदलला का? नाही. नाव हे लेबल आहे, ते बदलू शकतं. खुणेचा नंबर बदलत नाही. तक्ते नंबरानं जोडलेले असले, की नाव एका ठिकाणी बदललं तरी सगळीकडे बदलतं. नावानं जोडलेले असले, की गोंधळ.

सर बोलत होते आणि मला आमच्या भागातल्या दोन जावा आठवत होत्या. दोघींचं नाव एक, नवऱ्यांची नावं एक, आडनाव एक. चुलत घरं, गाव एकच. एकीनं कर्जाचा हप्ता वेळेवर भरला. तो जमा झाला दुसरीच्या खात्यावर. हिच्या नावापुढं थकबाकी दिसायला लागली. जून महिना, पेरणी तोंडावर, आणि पुढचं कर्ज अडलं. आम्ही पासबुक घेऊन हेलपाटे घालत होतो आणि समोरून एकच उत्तर, "कॉम्प्युटरमध्ये असंच दिसतंय." चूक सापडायला चार महिने लागले. हप्ता परत हिच्या खात्यावर आला. पण बियाण्यासाठी तिनं मधल्या काळात बाहेरून चढ्या व्याजानं पैसे उचलले होते. ते व्याज कुणीच परत केलं नाही.

त्या वेळी मला वाटलं होतं, कॉम्प्युटर म्हणतोय म्हणजे आपलंच काहीतरी चुकत असेल. वर्गात कळलं, कॉम्प्युटर काही म्हणत नसतो. कुणीतरी माणसानं नोंद करताना खात्याचा नंबर न बघता नाव बघितलं होतं. आणि प्रोग्रॅम लिहिणाऱ्यानं ते चालू दिलं होतं. "नंबर जुळत नाही, थांबा," अशी एक ओळ तिथं हवी होती. आता तशी ओळ मला लिहिता येते. म्हणूनच हे मागचं दार शिकायचं, मैत्रिणींनो.

1993 सालच्या दोन गोष्टी

आता वेब कुठून आलं ते बघू. स्वित्झर्लंडमध्ये सर्न नावाची मोठी विज्ञान-संस्था आहे. तिथं टिम बर्नर्स-ली नावाच्या तरुणानं 1989 साली सुचवलं, की वेगवेगळ्या संगणकांवरची कागदपत्रं एकमेकांना जोडावीत. जगातला पहिला वेब-सर्व्हर म्हणजे त्याच्या खोलीतला एक संगणक. त्यावर त्यानं लाल शाईनं चिठ्ठी लावली होती, हा सर्व्हर आहे, बंद करू नका. कारण तो बंद पडला की सगळं वेबच बंद. भारनियमनात वाढलेल्या आपल्याला त्याची काळजी लगेच कळते.

30 एप्रिल 1993 रोजी सर्ननं जाहीर केलं, की हे तंत्र सगळ्या जगाला मोफत वापरता येईल. त्यावर हक्क सांगून पैसे मागितले असते, तर आज तुमच्या-माझ्या मोबाइलवर काही उघडलंच नसतं.

त्याच वर्षी, पाच महिन्यांनी, आपल्याकडे काय झालं ते घरोघर ठाऊक आहे. गणेश विसर्जनाची रात्र सरून 30 सप्टेंबरची पहाट होत होती. चार वाजायच्या आत किल्लारीचा भूकंप झाला. लातूर आणि आपला जिल्हा, उमरगा-लोहारा भागातली गावं, सास्तूर. हजारो माणसं गेली. मी तेव्हा काही महिन्यांची होते. आईच्या तोंडून ऐकत मोठी झाले.

भूकंपानंतर सगळा कारभार याद्यांवर आला. मेलेल्यांची यादी, पडक्या घरांची यादी, कुणाला नवं घर, कुणाला दुरुस्तीचे पैसे. यादीत नाव नाही म्हणजे माणूसच नाही. घरांच्या दुरुस्तीचं काम सुरू झालं तेव्हा प्रेमा गोपालन यांच्या पुढाकारातून स्वयम् शिक्षण प्रयोगानं महिला मंडळांना या कामात आणलं. शेकडो गावांत बायांची "संवाद सहायक" म्हणून नेमणूक झाली. घरोघर जाऊन नियम समजावून सांगायचे, कुणाचं काम कुठं अडलंय ते बघायचं, इंजिनिअरपर्यंत पोचवायचं. कालपर्यंत चारचौघांत न बोलणाऱ्या बाया विचारायला लागल्या, यादीत हे नाव का नाही, पैसे कुठवर आले, कुणाकडे अडले. पुढं याच गावांत बचत गट उभे राहिले. देशपातळीवर नाबार्डनं 1992 साली गट बँकेला जोडायला सुरुवात केलेलीच होती.

तिकडं दूर देशात याद्या एकमेकांना जोडायचं यंत्र मोफत झालं, आणि इकडं आपल्या बाया यादीवर प्रश्न विचारायला शिकल्या. दोन्ही एकाच वर्षाच्या आगेमागे. मला वाटतं, दुसरी गोष्ट शिकायला जास्त अवघड होती, आणि ती आपल्याला तीस वर्षांपासून येते.

पोरीच्या नावाचा डेटाबेस

वेबवर सुरुवातीला नुसती पानं होती. जो येईल त्याला तेच पान दिसायचं. मग लोकांना वाटलं, प्रत्येकाला त्याच्या-त्याच्या खात्याचं पान दिसलं पाहिजे. म्हणजे वाढप्याच्या मागं आचारी आणि कोठी हवी. 1995 साली रासमुस लेर्डॉर्फ यानं पीएचपी नावाची साधनं सगळ्यांसाठी खुली केली. मुळात त्यानं ती स्वतःच्या वेबपानासाठी लिहिली होती. त्याच साली मायएसक्यूएल हा डेटाबेस आला. त्यातलं "माय" हे नाव तो बनवणाऱ्या मॉंटी विडेनियस यांच्या मुलीचं आहे. पुढं त्यांनी दुसरा डेटाबेस काढला, मारियाडीबी. ते धाकट्या मुलीचं नाव. बाप घराला नाव देतो, शेताला देतो. या बापानं कोठीला पोरींची नावं दिली. आमच्या वर्गात आम्ही याच दोन गोष्टी शिकतो, पीएचपी आणि मायएसक्यूएल. दोन्ही फुकट मिळतात.

त्याच 1995 च्या 15 ऑगस्टला आपल्या देशात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू झालं. महाराष्ट्र संगणकात मागं नव्हता. देशात बांधलेला सुरुवातीचा संगणक, टिफ्रॅक, मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत 1960 साली चालू झाला. पुण्याच्या सी-डॅकनं 1991 साली परम हा महासंगणक उभा केला. 2001 साली महाराष्ट्र ज्ञान महामंडळ स्थापन झालं आणि एमएस-सीआयटीचे वर्ग तालुक्या-तालुक्यात पोचले. माझंही एमएस-सीआयटी झालंय. त्यानं आपल्याला माऊस धरायला शिकवलं, पत्र टाइप करायला, अर्ज भरायला शिकवलं. ते उपयोगाचं झालं. पण ती पंगतीत बसायची तयारी होती. कोठीत काय आहे आणि किल्ली कुणाकडे आहे, हा प्रश्न तिथं आला नव्हता.

माझा प्रोग्रॅम आणि काकूंचं पासबुक

वर्गात शेवटी प्रत्येकानं स्वतःचं काहीतरी बनवायचं होतं. पोरांनी मोबाइलची दुकानं बनवली, हॉटेलं बनवली. मी आमच्या गटाचं दप्तर घेतलं. अकरा सभासद, महिना शंभर रुपये बचत, अंतर्गत कर्ज, दंड, इतिवृत्त.

पहिल्या दिवशी सगळ्या बायांची मराठी नावं भरली आणि बघते तर तक्त्यात नुसती प्रश्नचिन्हं. अकरा बाया, अकरा ओळी, आणि प्रत्येक नावाच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग. मला रडू यायचं बाकी होतं. सरांनी सांगितलं, डेटाबेसला कुठली अक्षरं ठेवायची ते आधी सांगावं लागतं. जगातल्या सगळ्या लिप्यांना एकेक नंबर देणारी युनिकोड नावाची पद्धत 1991 साली छापून आली, आणि तिच्यात पहिल्यापासून देवनागरी आहे. म्हणजे आपली अक्षरं यंत्राला कळत नाहीत असं नाही. तक्ता तयार करणाऱ्यानं ती सोय चालू करायची असते. एक ओळ बदलली आणि अकराही जणी पडद्यावर आल्या.

दुसरी अडचण कर्ज वाटपाची. कर्ज दिलं की दोन नोंदी होतात. रोख वहीतून पैसे कमी, सभासदाच्या कर्ज खात्यात वाढ. पहिली नोंद झाली आणि तेवढ्यात लाइट गेली तर? पैसे गेले, पण कुणाकडे ते लिहिलंच नाही. यावर जिम ग्रे नावाच्या संशोधकानं मोठं काम केलं, त्याला 1998 साली संगणकातला सर्वोच्च मान, ट्युरिंग पुरस्कार मिळाला. नियम असा, की दोन्ही नोंदी होतील, नाहीतर एकही होणार नाही. अर्धवट काही राहणार नाही. आमच्या गटाच्या सचिव तेच करतात. दोन्ही वह्यांत लिहून होईपर्यंत पेटीतून नोट बाहेर काढत नाहीत.

तिसरी गोष्ट किल्लीची. कुणाला नुसतं बघता येईल, कुणाला लिहिता येईल, कुणाला खोडता येईल, हे वेगवेगळं ठरवावं लागतं. आणि साध्या डेटाबेसमध्ये आकडा बदलला की जुना आकडा पुसला जातो. मागं रेघ राहत नाही, सही राहत नाही. रेघ राहावी असं वाटत असेल तर त्यासाठी वेगळा तक्ता करावा लागतो: कुणी बदललं, कधी बदललं, आधी काय होतं. मी तो केला. सर म्हणाले, "एवढ्या छोट्या कामाला कशाला?" मी म्हणाले, "सर, पैसे दुसऱ्यांचे आहेत."

मागच्या बैठकीत लॅपटॉप नेला आणि सगळ्यांना ज्याचं-त्याचं खातं दाखवलं. त्या मागच्या दारवाल्या काकू शाळेत दुसरीपर्यंतच गेलेल्या. अक्षर लावत-लावत वाचतात, पण आकडा पक्का. त्यांनी पडद्याकडे बघितलं, पिशवीतून पासबुक काढलं, बोट ठेवून दोन्हीकडे बघितलं आणि म्हणाल्या, "वीस रुपये कमी दिसतात गं." मी म्हणणारच होते, "काकू, कॉम्प्युटरमध्ये असंच दिसतंय." शब्द ओठांवर आले आणि त्या दोन जावा आठवल्या. गिळले. वही काढली, तपासलं. आषाढातला वीस रुपये दंड मी त्यांच्या नावावर घातला होता, तो होता दुसरीचा. भरताना माझी ओळ चुकली होती.

दुरुस्त केलं. जुना आकडा, नवा आकडा, तारीख आणि माझं नाव, सगळं त्या वेगळ्या तक्त्यात गेलं. काकूंना तेही दाखवलं. त्या म्हणाल्या, "हां, रेघ मारली म्हण की."

तेव्हा आमच्या गटात असं ठरलंय. कागदाची वही बंद होणार नाही. दर बैठकीत वही, पासबुक आणि पडदा तिन्ही जुळवायचे, आणि मगच सह्या करायच्या. तुमच्या गटाचे हिशोब कुणी मोबाइलवर नेत असेल, तर चांगलंच आहे. फक्त तीन गोष्टी विचारा. आमची ओळख नावानं ठेवलीय की नंबरानं? आमच्या नोंदी कोण-कोण बदलू शकतं? आणि बदललं तर मागचा आकडा दिसतो का? समोरच्याला उत्तर देता आलं नाही, तर त्याला सांगा, विचारून या, आम्ही थांबतो. आणि तुमच्या घरात बारावी झालेली मुलगी-सून असेल, हिशोबाची आवड असेल, तर तिला या वर्गाला पाठवा. मागच्या बाकावर जागा आहे.